तोंडाचा कर्करोग : 'लाईट' अर्ध्यावर सोडू नका

तोंडाच्या कर्करोगावर मुख्य इलाज दोन. एक शस्त्रक्रिया आणि दुसरा किरणोपचार. शस्त्रक्रिया लोकांना समजते. गाठ होती, ती कापून काढली, टाके घातले, काही दिवसांनी माणूस घरी आला. किरणोपचाराचे तसे नाही. सुई नाही, गोळी नाही, रक्त नाही. यंत्राखाली निजवतात, दहा-पंधरा मिनिटांनी उठवतात आणि "उद्या या" म्हणून सांगतात. असे सहा-सात आठवडे चालते. आपल्याकडे याला कोणी लाईट म्हणतात, कोणी शेक म्हणतात, कोणी करंट म्हणतात. नाव काहीही असो, या इलाजाबद्दल आपल्या घरांत जेवढी भीती आहे तेवढी माहिती नाही. त्या भीतीपोटी आणि पैशाच्या ओढाताणीमुळे कित्येक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिशवी भरून गावाकडे निघून येतात. रोग हरण्याच्या बेतात असताना रुग्णानेच मैदान सोडावे, असा हा प्रकार आहे. त्याविषयी सविस्तर लिहिणे जरूर वाटले म्हणून हा लेख.

हा रोग दूरचा नाही. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण आढळतात. पाश्चात्य देशांत हा रोग बहुधा जिभेला होतो. आपल्याकडे तो गालाच्या आतल्या बाजूला आणि हिरडीच्या खोबणीत जास्त दिसतो, कारण तंबाखूचा विडा आपण तिथेच धरून ठेवतो. विदर्भात खर्रा, मराठवाड्यात तंबाखू-चुना, शहरात गुटखा, आणि आपल्या आयाबहिणींच्या हाती तव्यावर जाळलेली मिश्री. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे, पण टपरीवाल्याला ते कोणी सांगितलेले दिसत नाही. मिश्री तर घरातच तयार होते, तिच्यावर बंदी घालणार कोण? "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खाते" असे सांगणाऱ्या भगिनींनीही जागे व्हावे. सुपारी तंबाखूवाचूनही कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच दिलेला आहे.

किरणे काय करतात?

क्ष-किरणांचा शोध १८९५ चा आणि रेडियमचा १८९८ चा. मेरी क्यूरी आणि त्यांचे पती पियरे यांनी रेडियम शोधल्यावर काही वर्षांतच डॉक्टर त्याचा उपयोग कर्करोगावर करू लागले. आपल्याकडे परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. १९६२ पासून हे रुग्णालय केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. ज्या अणूच्या नावाने जग घाबरते, त्याच अणूच्या खात्याखाली गोरगरिबांचा कर्करोग बरा केला जातो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आपले शरीर सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. किरणे पेशीच्या आतील गुणसूत्रांवर घाव घालतात. घाव चांगल्या पेशीलाही बसतो आणि रोगट पेशीलाही. फरक एवढाच की चांगली पेशी रात्रीतून आपली बरीचशी दुरुस्ती करून घेते आणि रोगट पेशीला ते तितकेसे जमत नाही. म्हणून सगळी मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी देतात. किरणांची मात्रा 'ग्रे' या मापाने मोजतात. बहुधा रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. शस्त्रक्रियेनंतर साधारण ६० ते ६६ ग्रे, म्हणजे ३० ते ३३ बैठका. शस्त्रक्रिया न करता किरणांवरच भिस्त असेल तर बहुतेक वेळा ७० ग्रे, म्हणजे ३५ बैठका.

आता खंड पडला तर काय होते ते पाहू. शेतात राबणाऱ्याला हे चटकन कळेल. हराळी अर्धी खणून काढली आणि आठ दिवस शेताकडे फिरकलेच नाही, तर उरलेल्या काड्या आधीपेक्षा जोमाने पसरतात. कर्करोगाच्या पेशींचेही तसेच आहे. उपचाराच्या साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात. म्हणजे माणूस जेव्हा सर्वांत जास्त थकलेला असतो, नेमका तेव्हाच खंड सर्वांत जास्त महाग पडतो. तोंड आणि घशाच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला की रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. दहा दिवस पोळ्याला किंवा लग्नाला जाऊन आले तर हिशेब काय होतो तो वाचकांनीच करावा.

याची उलट बाजूही तपासून झाली आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांतील सुमारे ९०० रुग्णांवर एक चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना आठवड्यात पाच बैठका आणि निम्म्यांना सहा. एकूण मात्रा तीच, फक्त उपचार साधारण आठवडाभर लवकर संपला. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा पाच बैठकांच्या गटात ३० टक्के रुग्णांचा रोग त्या जागी काबूत होता, सहा बैठकांच्या गटात ४२ टक्के. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही, केवळ दिवस वाचवले.

गाठ काढली, मग लाईट कशाला?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. गाल, जीभ, हिरडी यांच्या कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया करतात. लहान गाठ लवकर सापडली तर तेवढ्यावर भागतेही. पण काढलेला भाग तपासल्यावर मानेच्या गाठींत रोग उतरलेला दिसला, हाडात शिरलेला दिसला किंवा कापलेल्या कडेजवळ पेशी आढळल्या, तर डोळ्यांना न दिसणारे बी मागे राहिले असण्याचा धोका असतो. त्याच्यासाठी किरणे. ती शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावीत असा दंडक आहे. जखम भरली, आता जरा विश्रांती घेऊ, सुगी उरकून जाऊ, असे म्हणून लोक तीन महिन्यांनी येतात. तोवर मानेत नवी गाठ उभी असते.

रोग पुढे गेलेला असेल तर किरणांच्या जोडीला सिस्प्लॅटिन नावाचे औषध सलाईनमधून देतात. त्याने पेशी किरणांपुढे अधिक हतबल होतात. औषध कडक आहे, मळमळ होते, मूत्रपिंड आणि कान यांना जपावे लागते. म्हणून आधी रक्त तपासतात आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात.

चेहऱ्याच्या कातडीचा कर्करोग आपल्याकडे कमी आढळतो. नाकपुडी, पापणीची कड अशा जागी शस्त्रक्रियेने चेहरा विद्रूप होणार असेल तर तिथे किरणे कामी येतात आणि बैठकाही पुष्कळदा कमी लागतात. गालावरची न भरणारी, खपली धरून पुन्हा वाहणारी जखम महिनाभर राहिली तर मलम बदलत न बसता मोठ्या रुग्णालयात दाखवावी.

जाळीचा मुखवटा आणि एकट्याची खोली

पहिल्या दिवशीच यंत्राखाली नेत नाहीत. आधी मुखवटा करतात. जाळीदार प्लॅस्टिकचा एक पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात. काही मिनिटांत तो थंड होऊन कडक होतो आणि त्या चेहऱ्याचा साचा तयार होतो. जाळीतून श्वास नीट घेता येतो. रोज हाच मुखवटा घालून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोके तसूभरही हलत नाही. नंतर मुखवट्यासह सी.टी. स्कॅन होते आणि डोळा, मज्जारज्जू, लाळेच्या ग्रंथी वाचवून किरणे कुठून सोडायची याचा नकाशा डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर काढतात. त्याला काही दिवस लागतात. "नुसते तारखा देतात" अशी तक्रार या दिवसांत ऐकू येते, पण हे काम घाईचे नव्हे.

यंत्राच्या खोलीत रुग्ण एकटा असतो. दार बंद होते, आणि बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो. बाहेर कर्मचारी पडद्यावर रुग्णाला सतत पाहत असतात, हात वर केला की यंत्र थांबवतात. किरणे लागताना दुखत नाही, भाजत नाही. यंत्रे दोन प्रकारची असतात. लिनियर ॲक्सिलरेटर विजेवर चालते, बटण बंद केले की किरणे बंद. कोबाल्टच्या यंत्रात कोबाल्ट-६० हा पदार्थ असतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेले 'भाभाट्रॉन' याच जातीचे. कोबाल्टची ताकद सव्वापाच वर्षांत निम्म्यावर येते, म्हणून जुन्या यंत्राखाली जास्त मिनिटे निजावे लागते. शेजारच्याला तीन मिनिटे आणि मला सहा मिनिटे का, अशी काळजी करू नये. मात्रा तेवढीच मिळते. नव्या तंत्रात लाळेच्या ग्रंथी अधिक वाचतात हे खरे, आणि मिळत असेल तर जरूर घ्यावे. पण भारी यंत्राच्या शोधात दोन महिने हिंडण्यापेक्षा मिळालेल्या यंत्राखाली रोज वेळेवर निजणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पुन्हा एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. बाहेरून किरणे घेतलेल्या माणसाच्या अंगात किरणे राहत नाहीत. त्याने नातवाला मांडीवर घ्यावे, गरोदर सुनेच्या शेजारी बसावे. कर्करोग उष्ट्याने किंवा शिवण्याने पसरत नाही. तरीही काही घरांत रुग्णाची ताटवाटी वेगळी काढतात. ताटवाटी वेगळी काढण्याचा अर्थ काय असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तिसरा आठवडा

पहिला आठवडा सुरळीत जातो. माणसाला वाटते, उगीच घाबरलो. दुसऱ्या आठवड्यात चव जाते, मीठ आणि साखर सारखीच लागते, तोंड लाल होते. तिसऱ्या आठवड्यात तोंडभर छाले येतात, लाळ चिकट दोरीसारखी होते, पाण्याचा घोटही काट्यासारखा उतरतो. पुढे गळ्याची कातडी काळी पडते, काही ठिकाणी सोलते. दाढीचे केस जातात, डोक्यावरचे केस मात्र किरणे तिथून गेली नसतील तर शाबूत राहतात.

नेमक्या याच वेळी शेजारीपाजारी म्हणतात, "लाईटने माणूस जाळला, घरी घेऊन चला." कोणी अंगाऱ्याची पुडी देतो, कोणी पाल्याचा रस सुचवतो. वास्तविक हे छाले म्हणजे रोग वाढल्याची खूण नव्हे. तोंडातील कातडी नाजूक आणि लवकर बदलणारी, म्हणून तिला किरणे आधी जाणवतात. शेवटच्या बैठकीनंतरही आठ-पंधरा दिवस त्रास तसाच राहतो, मग उतरू लागतो. महिना-दीड महिन्यात छाले भरतात. चव परतायला काही महिने लागतात.

माझ्या परिचयातील एक मावशी बिगारी काम करणाऱ्या. तीस वर्षे मिश्री लावलेली. गालाची शस्त्रक्रिया झाली आणि ३० बैठका ठरल्या. एकोणिसाव्या बैठकीनंतर त्यांनी मुलाला सांगितले, "मला गावी ने, मरायचे तर आपल्या दारात मरीन." दोन दिवस पाणीसुद्धा घेतले नव्हते. वॉर्डातील सिस्टरने त्यांच्याशी वाद घातला नाही. डॉक्टरांना बोलावले, दुखण्याचे औषध वाढवून घेतले आणि नाकातून नळी घालून पहिले दूध स्वतःच्या हाताने दिले. दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा रांगेत होत्या. नळी म्हणजे शेवट जवळ आला, असा त्यांचा समज होता. पुष्कळांचा असतो. नळी ही तात्पुरती असते आणि ती असली की औषध, पाणी, अन्न सगळे पोटात जाते. छाले भरले की ती काढतात.

वजन सांभाळणे हाही इलाजाचाच भाग आहे. वजन उतरले की मुखवटा सैल होतो, निशाण चुकू नये म्हणून कधी तो पुन्हा करावा लागतो, आणि त्यात दिवस जातात. नाचणीची पेज, घट्ट वरण, मऊ भात, दूध, शेंगदाण्याचे बारीक कूट घातलेली खीर, कुस्करलेले अंडे, तिखट न घातलेले मटणाचे किंवा माशाचे सूप, जे उतरेल ते थोडे थोडे सहा-सात वेळा द्यावे. कर्करोग्याने अंडी-मांस वर्ज्य करावे असे सांगत फिरणारे सल्लागार फार आहेत. त्यांचे ऐकू नये. मोडलेल्या पेशी बांधायला प्रथिने लागतात. नळी असेल तर हेच मिश्रण बारीक वाटून गाळून घ्यावे, रुग्णाला बसवून हळूहळू सोडावे, नंतर नळीतून साधे पाणी घालावे आणि अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून आठ-दहा वेळा गुळण्या कराव्यात. बाजारातील झोंबणारे माउथवॉश नकोत. गळ्याला साबण, पावडर, ब्लेड लावू नये, मऊ सुती कपडा वापरावा, ऊन टाळावे. डॉक्टरांनी मॉर्फिनची गोळी दिली तर व्यसन लागेल म्हणून फेकू नये. वेदना थांबल्या तर माणूस खातो, आणि खातो तो बैठक चुकवत नाही. आणि तंबाखू? ती या काळात चोरून चालू ठेवणारे पाहिले आहेत. विडी-सिगारेटने रक्तातील प्राणवायू घटतो आणि प्राणवायू कमी असला की किरणांचा घाव बोथट होतो.

पैसा आणि निवारा

उपचार सोडण्याचे कारण प्रत्येक वेळी अज्ञान नसते. रोज मजुरीवर जगणाऱ्या घरातील दोन माणसे दीड महिना शहरात राहणार कशी, हा खरा प्रश्न आहे. परळला टाटासमोरच्या फूटपाथवर संसार मांडून बसलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली त्यांना हे सांगायला नको. यावर काही वाटा आहेत. २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी शासकीय योजना किरणोपचाराचा खर्च उचलते. मात्र रुग्णालय योजनेच्या यादीत हवे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटावे, पैसे भरून झाल्यावर नव्हे. उपचारासाठी जाताना रेल्वेत कर्करोग्याला स्लीपर आणि थ्री टियर ए.सी.त पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना आसरा देते. जागेसाठी रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे आधीच नाव घालावे.

सगळ्यांनी मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तज्ज्ञ सल्ला मोठ्या ठिकाणी घ्यावा आणि रोजच्या बैठका घराजवळ मिळतील का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच नको.

दात, जबडा आणि पुढची वर्षे

दातांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण हे ठाऊक नसल्याने बरे झालेली माणसे पुन्हा संकटात सापडतात. किरणे सुरू होण्याआधी दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. किडके, हलणारे दात तेव्हाच काढावेत आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावेत. किरणे घेतलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. त्यानंतर, अगदी दहा वर्षांनीही, तालुक्याच्या दवाखान्यात दात उपटला तर ती जखम भरत नाही, हाड उघडे पडून कुजू लागते. लाळ कमी झाल्याने दात किडण्याचा वेगही वाढतो. म्हणून फ्लोराइडचे औषध आणि मऊ ब्रश जन्मभर. आणि मिश्री अर्थातच नाही.

तोंड उघडण्याचा व्यायाम पहिल्या दिवसापासून हवा. निरोगी माणसाची स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जातात. सुपारी-गुटख्याने तोंड आधीच आखडलेल्यांना किरणांनंतर ते आणखी मिटते. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची, एवढा साधा हा व्यायाम. तो दिवसातून चार-पाच वेळा करावा.

रोग उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, म्हणून सुरुवातीला दर महिना-दोन महिन्यांनी तपासणीची तारीख मिळते. बरे वाटते म्हणून ती चुकवू नये. मानेवर किरणे घेतलेल्यांची गळ्यातील थायरॉईड ग्रंथी पुढे मंदावू शकते. माणूस सुस्त होतो, अंग जड होते, थंडी वाजते आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. सहा महिने ते वर्षाने टी.एस.एच. ही रक्ततपासणी केली की ते कळते आणि रोजच्या एका स्वस्त गोळीने भागते. उपचार संपताना रुग्णालय एक कागद देते, त्यावर कोणत्या भागाला किती ग्रे, किती बैठकांत दिले ते लिहिलेले असते. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शिधापत्रिकेजवळ ठेवावा आणि पुढे कोणत्याही डॉक्टरकडे, विशेषतः दाताच्या डॉक्टरकडे जाल तेव्हा तोंड उघडण्याआधी तो दाखवावा.